परीटघडी जगाला फुकट

विकणं सोपं असतं हो. विकताना फक्त गिऱ्हाईक संशय घेतं. फुकट द्यायला निघालं की बायको, शेजारी, वकील आणि सरकार असे चौघे मिळून संशय घेतात. मी हे ऐकीव सांगत नाही. मी माझ्या कंपनीची एकुलती एक चीज जगाला फुकट देऊन बसलेला माणूस आहे. त्या भानगडीत माझी जी काही शोभा झाली ती आमच्या जिन्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे, तेव्हा म्हटलं आपणही एकदा आपल्या बाजूने सांगून टाकावी.

आमच्या कंपनीत मालक धरून पाच माणसं. मालक मी. दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही बसतो. खाली डॉक्टरांचं मशीन सुरू झालं की वर आमच्या मीटिंगा आपोआप थांबतात. आम्ही लाँड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. नाव 'परीटघडी'. कपडा आला की त्याला टोकन नंबर द्यायचा, तो कुठल्या हँगरला टांगलाय ते लक्षात ठेवायचं, धुऊन झाला की गिऱ्हाइकाच्या फोनवर 'आपला कपडा तयार आहे, घेऊन जावा' असा मेसेज पाठवायचा, आणि सहा महिने कुणी फिरकलंच नाही तर तो विक्रीच्या गाठोड्यात काढायचा. ऐकायला एवढंच. पण लोक कपडे टाकतात, विसरतात, दुसऱ्याचे नेतात, भांडतात, आणि या सगळ्याची सोय प्रोग्रॅममध्ये करावी लागते.

ती सोय केली ताईंनी. ताई म्हणजे आमच्या मुख्य प्रोग्रॅमर. वयाने माझ्याहून लहान, पण पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना ताई म्हणतात, मीही म्हणतो आणि थोडा घाबरतोही. त्यांच्या हाताखाली दोघे. एकाच्या कानावरून हेडफोन उतरत नाही म्हणून तो 'हेडफोन', आणि दुसरा कुठलंही काम सांगितलं की 'बघतो' म्हणतो, म्हणून तो 'बघतो'. पाचव्या आमच्या हिशेबाच्या बाई. माझं काम म्हणजे सगळ्यांवर लक्ष ठेवणं. त्यासाठी माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा आहे. परीटघडी सगळीकडे नीट चालू असेल तर तो हिरवा राहतो आणि बिघडलं की लाल होतो, असं ताईंनी सांगितलं होतं. इतक्या वर्षांत तो एकदाही लाल झाला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो आवर्जून दाखवायचो, सासऱ्यांना तर मुद्दाम ऑफिसात बोलावून दाखवला होता.

आणि हा सगळा डोलारा एका खांबावर उभा होता. तो खांब म्हणजे लाँड्रीवाले शेठ. शहरभर नऊ दुकानं त्यांची, नऊही ठिकाणी परीटघडी. त्यांचा वार्षिक करार झाला की आमचे पगार झाले, बाकीची गिऱ्हाइकं चहापाण्यापुरती. माणूस सज्जन, कमी बोलणारा. सवय एकच, कुठलीही गोष्ट दोनदा विचारायची. हे बटण दाबलं की काय होतं? सांगितलं. मान डोलावतील, दोन घोट चहा घेतील, आणि मग परत, हे बटण दाबलं की काय होतं?

तर असं बरं चाललेलं असताना एका बड्या कंपनीने लाँड्रीच्या धंद्यात उतरायचं ठरवलं. त्यांचं सॉफ्टवेअर चकचकीत, जाहिराती चौकाचौकांत. माझी झोप उडाली. त्याच सुमाराला मी एका हॉटेलातल्या सेमिनारला गेलो. तिथे एका टायवाल्या गृहस्थाने सांगितलं की बड्यांशी लढायचं असेल तर आपला प्रोग्रॅम आतल्या सगळ्या मजकुरासकट जगाला मोकळा करून टाका. कुणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा. याला ओपन सोर्स म्हणतात. माल फुकट द्यायचा आणि तो बसवून देणं, सांभाळणं, अडलं तर धावून जाणं याचे पैसे घ्यायचे. जगभरचे प्रोग्रॅमर फुकटात आपला माल सुधारून देतात. मी टाळ्या वाजवत परत आलो.

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे शांतपणे ऐकणं हे तिच्याकडून चांगलं लक्षण नसतं. ती म्हणाली, "म्हणजे दुकान वाटून टाकायचं, आणि कुलूप अडकलं की लोक आपल्याला बोलावतील अशी वाट बघायची?" मी म्हणालो, तसंच अगदी नाही. तिने विचारलं, मग कसं. मला नेमकं सांगता आलं नाही, म्हणून मी सेमिनारमध्ये मिळालेलं पेन तिला दिलं.

शेजाऱ्यांना मी काही विचारलं नव्हतं, पण सल्ल्याला विचारावं लागतंच असं नाही. खालचे दातांचे डॉक्टर म्हणाले, फुकटाला किंमत नसते, मी एकदा फुकट तपासणी शिबिर घेतलं तर चार माणसं आली आणि त्यांतल्या दोघांना कवळी होती. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. ते आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झाले. त्यांना कल्पना फार आवडली. फुकट वाचायला मिळणार ना, एवढंच त्यांनी विचारून घेतलं. मी कौतुकाने हो म्हणालो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मग कायद्याचं बघू म्हटलं. माझा मावसभाऊ वकील आहे, म्हणजे फी घेत नाही पण जेवायला येतो. त्याने विचारलं, देणारा तू, घेणारा कोण? मी म्हणालो, जग. तो म्हणाला, दान द्यायचं तर स्वीकारणाऱ्याची सही लागते, जगाची सही कुठे घेणार? सेमिनारवाल्याने सांगितलं होतं की याचा परवाना तयार मिळतो, तो नुसता जोडायचा. मावसभावाने तो वाचला आणि म्हणाला, यात सगळं बरोबर आहे, म्हणूनच मला संशय येतो. खात्री असावी म्हणून त्याने मला नोंदणी कार्यालयात पिटाळलं. तिथल्या साहेबांनी मला तीन खिडक्या हिंडवल्या. शेवटच्या खिडकीतल्या बाईंनी 'कोणास दिले' या रकान्यात मी लिहिलेलं 'जग' बराच वेळ न्याहाळलं आणि पूर्ण पत्ता मागितला. मी म्हणालो, पत्ता नाही. त्या म्हणाल्या, मग ते तुमच्याकडेच राहील, पुढचे कोण? त्या एका वाक्याने माझा निश्चय पक्का झाला, कारण अपमान झाला की माझा निश्चय होतो.

ताईंनी मात्र एकच गोष्ट मागितली. म्हणाल्या, "सर, दार उघडायच्या आधी महिनाभर द्या. घर आतून आवरून घेऊ." मी म्हणालो, ताई, पाहुणा काही आपली कपाटं उघडून बघत नाही. आता विचार केला तर कळतं की कपाटं उघडून दाखवणं हेच तर मी करायला निघालो होतो. पण मी माहितीपत्रकं छापून आणली होती, गुळगुळीत कागदावर. साधी सेवा, विशेष सेवा आणि अतिविशेष सेवा. कागद इतका महाग होता की थांबणं परवडणारं नव्हतं. त्याच आठवड्यात परीटघडी जगाला खुली झाली.

इथे एक खुलासा करायला हवा. प्रोग्रॅम लिहिताना प्रोग्रॅमर मधेमधे एकमेकांसाठी टिपा लिहून ठेवतात. कॉम्प्युटर त्या वाचत नाही, पुढच्या माणसाला कळावं म्हणून त्या असतात. आमच्याकडे त्या टिपा मराठीत होत्या, आणि त्या बाहेरचं कुणी कधी वाचेल असं लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

जगातून पहिली सुधारणा आली ती वरच्या मजल्यावरून. काकांनी सगळा प्रोग्रॅम प्रुफासारखा तपासला होता. त्यातलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण टिपा कळत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात मला गाठून ते म्हणाले, फार रसाळ लिहिलंय हो, आणि कागद काढून वाचू लागले. 'इथे हात लावू नये. लावल्यास निस्तरायला स्वतः यावे.' 'हा हिशेब बरोबर का येतो हे कुणालाच माहीत नाही. येतोय तोवर गप्प बसावे.' 'सरांनी सांगितलं म्हणून केलं. सर विसरले की काढणे.' आणि त्याखाली पुढच्या वर्षीची तारीख घालून, 'सर विसरले. काढायचं राहिलं.' तोवर दूधवाला थांबला होता, समोरच्या वहिनी दारात आल्या होत्या. काकांनी चष्मा पुसून शेवटची टीप खणखणीत आवाजात वाचली: 'सरांच्या स्क्रीनवर हिरवा दिवा कायम चालू ठेवणे. तो कशालाही जोडलेला नाही. त्यांना बरं वाटतं.'

मी ऑफिसात गेलो आणि दिव्याकडे बघत बसलो. हिरवा होता. मी 'बघतो'ला बोलावलं. त्याने मान खाली घालून सांगितलं, की सुरुवातीला दिवा खरा होता, पण लाल झाला की मी प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभा राहायचो, आणि त्यामुळे काम दुप्पट वेळाने व्हायचं. मी म्हणालो, हे थांबवायला हवं. तो म्हणाला, बघतो. मला रागही धड येईना, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. मी खुर्चीमागे उभा राहतो. पण वाईट वाटायचं ते वाटलंच. सासऱ्यांना दाखवलेला दिवा होता तो.

ते दुःख ताजं असतानाच खरी कुऱ्हाड पडली. शेठच्या करारनाम्याची वेळ आली आणि त्यांच्या जावयांचा फोन आला. जावई नुकतेच धंद्यात लक्ष घालू लागले होते. व्यवस्थापन शिकलेले, हुशार, आणि घरातल्या सगळ्यांना ते सिद्ध करून दाखवायच्या घाईत. त्यांनी गोड आवाजात विचारलं, परीटघडी आता फुकट आहे ना? मी अभिमानाने हो म्हणालो. ते म्हणाले, छान, मग आम्ही उतरवून घेतली, आमची आम्हीच बसवली, आता कराराची गरज दिसत नाही. मी अतिविशेष सेवेबद्दल सांगू लागलो तेव्हा ते म्हणाले की त्यांनी आतली सगळी अडगळही साफ केली आहे. टिपा काढल्या, विनाकारण घातलेले नियम काढले, आता कसं सुटसुटीत झालंय.

थोड्या वेळाने खुद्द शेठचा फोन आला. जावयांनी टिपांची छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली होती. त्यात एक टीप होती, 'शेठ दोनदा विचारतात. म्हणून उत्तर दोनदा दाखवणे.'

"साहेब," शेठ म्हणाले, "मी दोनदा विचारतो?"

मी म्हणालो, छे छे, कुणी सांगितलं. पलीकडे चहाचे दोन घोट ऐकू आले. मग ते म्हणाले, "नाही, म्हणजे, खरंच मी दोनदा विचारतो का?"

फोन ठेवला तेव्हा हिशेबाच्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. शेठ गेले म्हणजे वर्षअखेरीला ऑफिसला टाळं, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. हेडफोनने कानावरचा हेडफोन काढून खाली ठेवला, तेव्हा मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं. त्याचं लग्न ठरलं होतं आणि मुलीकडच्यांना त्याने कंपनी भक्कम असल्याचं सांगितलं होतं. तसं त्याला सांगणारा मीच. घरी बायकोने 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही. तिने नुसता शाळेतल्या जादा तासांसाठी अर्ज केला. ते मला जास्त लागलं. डॉक्टर म्हणाले, कवळीवाले आले बघा. परदेशातून मात्र लोक परीटघडी उतरवून घेतच होते. कुठल्या कुठल्या देशांतल्या लाँड्र्यांत ती चालू लागली होती, आणि त्यांतला एकही सेवेसाठी पैसे द्यायला तयार नव्हता. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच.

असे चार-पाच दिवस गेले असतील. एका सोमवारी दुपारी शेठ स्वतः आमचा जिना चढून आले. याआधी ते कधी आले नव्हते, आम्हीच जायचो. घाम पुसत माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "आज मेसेज आला नाही."

माझ्या मनात दिवाळी झाली. बिघडलं. जावयांनी सुटसुटीत केलेलं बिघडलं, आणि कुलूप अडकल्यावर माणूस आमच्याच दारात आला. टायवाला गृहस्थ खरं बोलला होता. मी चहा मागवला, माहितीपत्रक उलगडलं आणि सुरू झालो. साध्या सेवेत काय, विशेष सेवेत काय, अतिविशेष घेतली तर आमचा माणूस कुठल्याही वेळी कसा हजर. शेठ सभ्य माणूस, त्यांनी पत्रक हातात घेतलं, त्याकडे बघितलंही. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ते परत म्हणाले, "आज आला नाही."

आतल्या खोलीतून ताई बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातलं पत्रक काढून घेतलं, घडी करून टेबलावर ठेवलं आणि शेठना विचारलं, "स्वेटर जागेवर आहे ना?"

शेठनी मान हलवली. नाही.

मग जे मला कळलं ते ताईंना दोन वर्षं माहीत होतं. शेठच्या पत्नीने स्वतःच्याच दुकानात एक मोरपिशी स्वेटर धुवायला टाकला होता. घरचा म्हणून तसाच धुऊन चालला असता, पण त्यांनी गिऱ्हाइकासारखं रीतसर टोकन घेतलं होतं. नवऱ्याची गंमत करायची म्हणून. टोकन नंबर चारशे बारा. स्वेटर धुऊन तयार झाला, त्यांना मेसेज गेला, आणि तो न्यायच्या आधीच त्या गेल्या. सहा महिन्यांनी स्वेटर गाठोड्यात जाणार म्हणून शेठनी ताईंना एकटं गाठून सांगितलं होतं, तेवढा राहू द्या. आणि जाता जाता, दर सोमवारी आठवणीचा मेसेज जातो, तोही राहू द्या. पत्नीचा फोन ते गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये चार्ज करून ठेवतात. दर सोमवारी सकाळी तो वाजतो. आपला कपडा तयार आहे, घेऊन जावा.

ताईंनी तो नियम प्रोग्रॅमच्या आतच ठोकून ठेवला होता. आमच्या धंद्यात हे पाप आहे, असले नियम बाहेर सेटिंगमध्ये ठेवायचे असतात. पण सेटिंग कुणीही उघडून बघतं, म्हणून त्यांनी ते पाप केलं आणि वर टीप लिहिली: 'चारशे बारा. विकायचं नाही, हलवायचं नाही, मेसेज थांबवायचा नाही. कारण विचारू नये.' जावयांनी कारण विचारलं नव्हतं. विनाकारण नियम म्हणून काढून टाकला होता.

मला माझ्या गुळगुळीत पत्रकाची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण लाजत बसायला वेळ नव्हता. विक्रीची गाठोडी त्याच सकाळी जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेली होती. आम्ही सगळे निघालो, ऑफिसला कुलूप लावून. ताईंनी वाटेत जावयांना फोन करून फक्त दोन वाक्यं सांगितली, ती काय ते मला ऐकू आलं नाही, पण आम्ही पोचायच्या आत जावई तिथे पोचले होते. व्यापारी म्हणाला, मी बांधलेलं गाठोडं सोडत नाही, वजनावर घेतो आणि वजनावर विकतो. मी पुढे होऊन त्याला कायदा समजावू लागलो. शेठनी मला बाजूला केलं आणि शांतपणे सांगितलं की सगळी गाठोडी परत घेतो. मग त्याने स्वतःच सुरी आणून दिली.

गोदामाच्या फरशीवर कपड्यांचा डोंगर झाला. हेडफोन, 'बघतो', हिशेबाच्या बाई, सगळे गुडघ्यांवर. लोक काय काय विसरतात. लष्करी कोट, बाळाची दुपटी, एकाच पायाची पँट. तिसऱ्या गाठोड्यात माझ्या हाताला एक राखाडी कोट लागला आणि ओळखीचा वाटला. आतल्या खिशावर माझ्या आईने घातलेला टाका होता. हा माझा कोट. तीन वर्षांपूर्वी शेठच्याच लाँड्रीतून हरवलेला, जावयांच्या सुटसुटीत परीटघडीने आता विक्रीला काढलेला, आणि ज्याच्यासाठी मी शेठच्या मॅनेजरशी भांडलो तेव्हा परीटघडीने 'घरपोच दिला' असं ठामपणे दाखवलं होतं. माझ्याच सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवून मी तेव्हा बायकोवर संशय घेतला होता. मी हेडफोनकडे बघितलं, घरपोचचा भाग त्याने लिहिला होता. त्याने लगेच मान खाली घालून जोरात शोधायला सुरुवात केली.

स्वेटर जावयांना सापडला. त्यांनी हाक मारली नाही. आम्ही वळून बघितलं तेव्हा ते फरशीवर मांडी घालून त्याची घडी करत होते. त्या मुलाने जन्मात कधी घडी घातली नसावी. बाह्या एकीकडे, गळा दुसरीकडे. शेठ त्यांच्याजवळ बसले, घडी मोडली आणि बाह्या आत घेऊन, हाताने सपाट करत परत घातली. जावई म्हणाले, "मला माहीत नव्हतं, बाबा." शेठ म्हणाले, मी सांगितलंच नव्हतं.

शेठचा करार परत झाला. जावयांनीच तो आणला, तिन्ही सेवांमध्ये फरक काय असं नीट विचारून घेतलं, आणि काढलेल्या टिपा परत घालून मागितल्या, दोनदा विचारणारीसुद्धा. हेडफोनचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. माझा दिवा ताईंनी खरा करून दिला. आता तो आठवड्यातून एखाददा लाल होतो, आणि मी खुर्चीतच बसून राहतो. म्हणजे प्रयत्न करतो.

पण या गोष्टीचं खरं टोक पुढेच आहे. काही महिन्यांनी एका दूरच्या देशातून ताईंना ईमेल आला. तिथल्या एका लाँड्रीत परीटघडी चालते. त्यांनी लिहिलं होतं की आमच्याकडच्या एका गृहस्थांना चारशे बारा नंबरचं टोकन मिळालं, ते कोट घेऊन गेले, तोच कोट घालून हिंडतात, तरी दर सोमवारी त्यांना कोट तयार असल्याचा मेसेज येतो. ते वैतागले आहेत. आत कळत नाही अशा लिपीत काहीतरी लिहिलंय. हा नियम काढून टाकू का? मी ताईंना म्हणालो, अहो, बाहेरच्यांसाठी तरी काढायला हवा होता. ताई म्हणाल्या, राहून गेलं. त्या कधी काही राहू देत नाहीत. त्यांनी उत्तरात लिहिलं, की नियमामागे कारण आहे, पण सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं उलट उत्तर आलं. हरकत नाही, आम्ही आता तो नंबर कुणालाच देत नाही, चारशे बाराचा हँगर रिकामा ठेवतो. मग ताईंनी बाकीच्यांकडे चौकशी केली तर तिथेही कुणी कुणी तेच केलं होतं, न विचारता.

मी हे शेठना सांगायला गेलो. म्हटलं ज्याची गोष्ट त्याला माहीत असावी. ते गल्ल्यावर बसले होते. मागे हँगरला तो मोरपिशी स्वेटर होता. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, तुमची इच्छा असेल तर आम्ही तो नियम जगासाठी काढून टाकतो, फक्त तुमच्या दुकानांपुरता ठेवतो.

त्यांनी विचारलं, "किती देशांत आहे म्हणालात?"

"अकरा," मी म्हणालो.

ते ड्रॉवरच्या कडेवरून हात फिरवत राहिले. म्हणाले, तिला परदेश बघायची फार हौस होती. दर वर्षी म्हणायची, आणि मी म्हणायचो, दुकान कोण बघणार. मग म्हणाले, राहू द्या नियम.

समोर एक गिऱ्हाईक आलं, त्याचे शर्ट त्यांनी दिले, टोकन परत घेतलं. मी उठायला लागलो.

"साहेब," शेठ म्हणाले, "किती देश?"

मी परत बसलो, आणि या वेळी एकेका देशाचं नाव घेऊन सांगितलं.